पेलेट तोलायला काटा कोणता घ्यावा?

प्रश्न थोडक्यात असा. नागपुरातल्याच एका गृहस्थांची मुलगी दहा मीटर एअर रायफल खेळते. पेलेट, म्हणजे त्या रायफलीच्या शिशाच्या छोट्या गोळ्या, वजनाप्रमाणे निवडून वापरले तर गुण वाढतात, असं तिला रेंजवर कोणीतरी सांगितलं. वडील काटा शोधायला लागले तर समोर तीन चिजा आल्या. एक परदेशातून मागवावा लागणारा, ग्रेनमध्ये वजन दाखवणारा ‘पावडर स्केल’, जो सगळ्यात महाग आहे. दुसरा हजार-बाराशे रुपयांचा, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा पॉकेट काटा. तिसरा त्याहून थोडा महाग, ०.००१ ग्रॅमवाला. यातला कोणता घ्यावा, आणि तोच काटा बहिणीच्या घरगुती साबणाच्या कामाला चालेल का, असं त्यांनी विचारलंय.

मी इथे इतवारी बाजारात काटे दुरुस्त करतो. सराफ, वैद्य, होमिओपॅथीवाले, कॉलेजच्या प्रयोगशाळा असं गिऱ्हाईक. अलीकडे नेमबाजांची पोरंही येतात, म्हणून हा प्रश्न ओळखीचा आहे. त्या सगळ्यांना मी आधी एकच विचारतो: तुम्हाला वजन किती आहे हे पाहिजे, का दोन वस्तूंमधला फरक पाहिजे? सराफाला वजन पाहिजे, कारण त्यावर पैसे ठरतात. तुम्हाला फरक पाहिजे. पेलेट ०.५३० ग्रॅमचा आहे की ०.५३३ चा, याने तुमचं काही अडत नाही. डब्यातला एक पेलेट दुसऱ्यापेक्षा हलका आहे का, एवढंच कळलं पाहिजे. काटा निवडताना हे डोक्यात ठेवलं की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

आधी त्या पावडर स्केलचं बघू. ही वस्तू बंदुकीच्या काडतुसात दारू भरणाऱ्यांसाठी बनते. अमेरिकेत लोक घरी काडतुसं भरतात, त्यांना दारूचं वजन ग्रेनमध्ये मोजावं लागतं. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार दारूगोळा तयार करायला परवाना लागतो. ते घरच्या टेबलावर करायचं काम नाही आणि तुमचा तो विषयही नाही. एअर रायफलमध्ये दारू नसते, दाबलेली हवा असते. म्हणजे तुम्ही दुसऱ्याच्या कामाचं हत्यार बघत होता.

पण समजा कायद्याची बाब बाजूला ठेवली, तरी तो काटा तुमच्या कामाचा नाही. ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम. बहुतेक पावडर स्केल ०.१ ग्रेनपर्यंत दाखवतात, म्हणजे साधारण साडेसहा मिलिग्रॅम. स्पर्धेचा पेलेट असतो अर्धा ग्रॅमच्या वर, ०.५३ ग्रॅमच्या आसपास, ग्रेनमध्ये ८.२. म्हणजे या काट्याची एक पायरी पेलेटच्या वजनाच्या सव्वा टक्का झाली. चांगल्या डब्यातले पेलेट एकमेकांपासून एवढे लांब नसतातच. सगळे ८.२ दाखवतील, अधूनमधून एखादा ८.१ किंवा ८.३, आणि तोही बहुतेक वेळा आकडा या कडेवरून त्या कडेवर गेल्यामुळे. ०.०२ ग्रेन दाखवणारेही काटे निघाले आहेत. ती पायरी सव्वा-दीड मिलिग्रॅमची, तुमच्या कामाची आहे खरी, पण एवढे पैसे देऊन जे मिळतं ते मिलिग्रॅमच्या, म्हणजे ०.००१ ग्रॅमच्या, साध्या काट्यात मिळतं.

जाता जाता, ग्रेन हा शब्द आपल्याला वाटतो तेवढा परका नाही. इंग्रजी अमलात तोळा १८० ग्रेनचा ठरवला गेला, म्हणूनच तो ११.६६ ग्रॅम असा वेडावाकडा येतो. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, तेव्हा एक गुंज पावणेदोन-दोन ग्रेनच्या मधली. आमच्या बाजारातल्या म्हाताऱ्या कारागिरांच्या जिभेवर गुंज अजून आहे, काट्यावर मात्र फक्त ग्रॅम.

आता ०.०१ ग्रॅमवाला. हा तर गणितानेच बाद होतो. दहा मिलिग्रॅमची पायरी असताना अख्ख्या डब्यातल्या पेलेटचं वजन ०.५३ किंवा ०.५४ येणार. दहा-दहा पेलेट एकत्र तोलले तर, असं एका मुलाने मला विचारलं होतं. त्याने सरासरी कळेल, पण निवडायचा आहे एकेक. एका गठ्ठ्यात एक भारी आणि एक हलका असेल तर बेरीज जशीच्या तशी राहते. तेव्हा हा नको.

राहिला ०.००१ ग्रॅमवाला, आणि खरी गंमत इथून सुरू होते. काट्याच्या पडद्यावर तीन दशांश स्थळं दिसतात याचा अर्थ तिसरा आकडा खरा आहे असा होत नाही. पडद्यावर आकडे छापायला पैसे लागत नाहीत. पॉकेट काट्याच्या पोटात एक छोटी ॲल्युमिनियमची पट्टी असते, तिला लोडसेल म्हणतात. वर वजन पडलं की ती केसाहूनही कमी वाकते, तिच्यावर चिकटवलेल्या बारीक तारेच्या जाळीचा विद्युतरोध बदलतो, आणि सर्किट त्याचं वजनात रूपांतर करतं. आता ५० ग्रॅमचा काटा ०.००१ दाखवतो म्हणजे त्या पट्टीच्या वाकण्याचे ५०,००० भाग करून दाखवतो. स्वस्त लोडसेलकडून ही अपेक्षा जास्त आहे. १० किंवा २० ग्रॅम क्षमतेचा घेतला तर ओझं कमी होतं. म्हणून पहिला सल्ला: दुकानदार ‘साहेब, १०० ग्रॅमपर्यंत चालतो’ असं कौतुकाने सांगेल, त्याला भुलू नका. पेलेट अर्ध्या ग्रॅमचा आहे, वाटी आणखी चार-पाच ग्रॅमची. २० ग्रॅमचा काटा भरपूर झाला.

प्रयोगशाळेतले काटे वेगळ्या तत्त्वावर चालतात. तिथे पट्टी वाकू देत नाहीत. विद्युतचुंबकाने पारडं जागेवर उचलून धरतात आणि त्यासाठी किती वीज लागली त्यावरून वजन काढतात. ते काम फार नेमकं होतं आणि किंमतही तशीच लागते. तुम्हाला त्याची गरज नाही. एखाद्या प्रयोगशाळेचा जुना, चालू काटा स्वस्तात मिळत असेल तर मात्र डोळे मिटून घ्या, असं म्हणणार होतो, पण डोळे उघडे ठेवूनच घ्या. वाहतुकीत त्याच्या आतलं नाजूक सांधकाम हललं असेल तर दुरुस्तीचा खर्च नव्या काट्याएवढा होतो.

काटा विकत घेताना तीन गोष्टींकडे बघायचं असतं, आणि लोक चौथीकडेच बघतात. चौथी म्हणजे पडद्यावरचा सगळ्यात लहान आकडा. पहिल्या तीन अशा. तीच वस्तू पुन्हा पुन्हा ठेवली तर काटा तोच आकडा देतो का. पारड्याच्या मध्यावर ठेवली काय आणि कडेला ठेवली काय, फरक पडतो का. आणि वस्तू काढल्यावर काटा शून्यावर परत येतो का. यातली पहिली तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची. काटा सगळ्याच पेलेटना चार मिलिग्रॅम जास्त दाखवत असेल तरी तुमची निवड बरोबर होईल, कारण सगळेच सारखे पुढे सरकले. पण एकाच पेलेटला एकदा ०.५२८ आणि दुसऱ्यांदा ०.५३३ म्हणत असेल, तर तो काटा पेलेट निवडत नाही, चिठ्ठ्या उडवतो.

याची परीक्षा सोपी आहे आणि काटा परत करायची मुदत संपायच्या आत करायची. एक पेलेट घ्या, चिमट्याने पारड्याच्या मध्यावर ठेवा, आकडा लिहा, काढा, शून्य आलं का बघा, पुन्हा ठेवा. असं दहा वेळा. दहाही आकडे दोन मिलिग्रॅमच्या आत असले तर काटा तुमच्या कामाचा. पाचच्या पुढे फाकले तर परत करा. मग दुसरी परीक्षा, जी कोणी करत नाही. अंड्यांच्या ट्रेमध्ये किंवा गोळ्यांच्या खणांच्या डबीत वीस पेलेट क्रमाने ठेवा, सगळे तोलून आकडे लिहा. कागद उलटा करून ठेवा आणि त्याच क्रमाने पुन्हा तोला. आता दोन्ही यादीतून सगळ्यात हलके पाच निवडा. दोन्ही वेळी बहुतेक तेच पाच आले तर तुमचा काटा खरोखर पेलेटमधला फरक ओळखतोय. वेगवेगळे आले तर समजा की पेलेटमधल्या फरकापेक्षा काट्याची स्वतःची थरथर मोठी आहे. मग तिसरा आकडा कितीही सुंदर दिसो, त्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

सोबत येणाऱ्या वजनाबद्दल दोन शब्द. पॉकेट काट्यासोबत बहुधा एक चकचकीत वजन येतं. ते कोणत्या वर्गाचं आहे हे त्यावर लिहिलेलं नसेल तर त्याला नुसता धातूचा तुकडा समजा. प्रमाण वजनांचे वर्ग ठरलेले आहेत. अर्ध्या ग्रॅमचं वजन एम-१ वर्गाचं असेल तर त्यात ०.८ मिलिग्रॅमपर्यंत चूक चालते, एफ-२ वर्गात ०.२५, एफ-१ वर्गात ०.०८. मिलिग्रॅमच्या काट्याला एफ-२ पुरेसं आहे. पेलेटच्या जवळचं, म्हणजे ५०० मिलिग्रॅमचं एकच वजन घेतलं तरी चालेल. पण खरं सांगू का, तुमच्या कामाला तेही लागत नाही. डब्यातला एक धडका पेलेट निवडा, त्यावर मार्करने बारीक खूण करा, वेगळ्या डबीत ठेवा. दर पंधरा-वीस पेलेटनंतर तो पारड्यावर ठेवून बघायचा. त्याचा आकडा जागेवर आहे तोवर बाकीच्यांवर विश्वास ठेवायचा. तो सरकला की शून्य करून पुन्हा सुरुवात. कोणी रुपयाचं नाणं वापरतात, पण नाण्याचं वजन कित्येक पेलेटएवढं असतं. अर्ध्या ग्रॅमपाशी काटा नीट आहे का, हे अर्ध्या ग्रॅमच्या वस्तूनेच कळतं.

आता आपल्या गावाची बाब. काटा पुण्यात आणि नागपुरात सारखाच असतो, खोली सारखी नसते. मे महिन्यात, त्यातही नवतपा, म्हणजे सगळ्यात तापणारे नऊ दिवस, लागला की बाहेर पंचेचाळीस अंश आणि आत कूलर. मिलिग्रॅमच्या काट्याला कूलर तीन बाजूंनी छळतो. त्याचा वारा पारड्यावर दाब टाकतो, त्याची मोटर खिडकीतून भिंतीला आणि भिंतीतून टेबलाला थरथर देते, आणि त्याच्यासमोरची हवा दर पाच मिनिटांनी गार-गरम होते. लोडसेलला तापमान बदललेलं आवडत नाही. कपाटातून काढून लगेच तोलायला बसलात तर पहिला अर्धा तास आकडे एका दिशेने हळूहळू सरकताना दिसतील. लोकांना वाटतं काटा बिघडला. बिघडत काही नाही, तो खोलीच्या तापमानाला येत असतो. म्हणून अर्धा तास आधी काढून ठेवायचा आणि चालू करायचा. पॉकेट काटे एक-दोन मिनिटांत आपोआप बंद होतात, हा त्यांचा मोठा त्रास. ही सोय बंद करता येते का, किंवा काटा ॲडॅप्टरवर चालतो का, हे घेण्याआधी विचारा. सेल उतरले की आकडे भरकटतात, तेव्हा नवे सेल हाताशी ठेवा.

उन्हाळ्यात आणखी एक भूत असतं, स्थिर विजेचं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की टेरिकॉटचा शर्ट काढताना चटचट आवाज येतो. तीच वीज प्लास्टिकच्या वाटीवर आणि प्लास्टिकच्या झाकणावर बसते. काट्याचं झाकण पुसलं आणि लगेच तोललं तर आकडा नाचतो, आणि माणूस वारा शोधत बसतो. पारड्यावर प्लास्टिकची वाटी ठेवू नका, ॲल्युमिनियमची किंवा स्टीलची छोटी वाटी घ्या. वाऱ्यासाठी आडोसा करायचा तर काचेचा करा. जुनी मत्स्यपेटी आडवी ठेवली की उत्तम आडोसा होतो, उघडी बाजू आपल्याकडे. कूलर चालू असलेल्या खोलीत ॲक्रिलिकचं झाकण तेवढं सतावत नाही, कारण हवा ओली असते, पण तिथे वारा सतावतो. सकाळी सहा-सातला, पंखा बंद करून तासभर बसणं हे सगळ्यात सोपं. पावसाळ्यात आणि थंडीत हे नखरे बरेच कमी होतात.

टेबल हलकं नको. कडप्प्याचा किंवा शहाबादीचा तुकडा कुठल्याही फरशीवाल्याकडे मिळतो, तो टेबलावर ठेवा आणि त्यावर काटा. काटा सपाट बसलाय का हे दाखवणारा पाण्याचा बुडबुडा त्यात असेल तर तो मधे आणा. मोबाइल काट्याजवळ ठेवू नका. स्वयंपाकघरातला ओटा सगळ्यात स्थिर असतो, हे तुम्हालाही सुचेल, पण तिथे तोलू नका. पेलेट शिशाचे असतात. डब्यात शिशाची भुकटी असते, ती चिमटा, वाटी, बोटं सगळ्यांना लागते. जागा वेगळी, वाटी वेगळी, काम झालं की ओल्या फडक्याने पुसायचं आणि मुलीला सांगायचं की हात साबणाने धुतल्याशिवाय काही खायचं नाही.

इथवरचं एका दमात: पावडर स्केल नको, ०.०१ वाला नको, ०.००१ ग्रॅमचा कमी क्षमतेचा काटा घ्या, दहा वेळा एकच पेलेट तोलून त्याची परीक्षा घ्या, आणि ठेवलेला एक पेलेट मधूनमधून ताडून बघा.

काही प्रकारांत एक ‘आपोआप शून्य’ नावाची सोय असते, तिच्याबद्दल लोक उगाच घाबरतात किंवा उगाच खूश होतात. रिकाम्या पारड्यावर आकडा थोडासा हलला तर काटा स्वतःच त्याला शून्य करतो. तुम्हाला ही सोय उपयोगी आहे, दोन पेलेटच्या मधे तापमानाने सरकलेलं शून्य ती सावरते. वैद्यांना मात्र ती घात करते. भस्म चिमटीने हळूहळू सोडलं की काटा समजतो शून्यच सरकतंय, आणि पहिले काही मिलिग्रॅम गिळून टाकतो. त्यांना मी सांगतो, पारड्यावर आधी काहीतरी वजन असू द्या, मग वर टाका, किंवा वाटी उचलून पुन्हा ठेवून आकडा बघा. पेलेट एकदम अर्धा ग्रॅम पडतो, त्यामुळे तुमच्याकडे हा घोळ होत नाही.

दुसरी एक भीती म्हणजे दिल्लीहून किंवा परदेशातून आलेला काटा इथे चुकीचं दाखवतो. यात तथ्य आहे. इलेक्ट्रॉनिक काटा वस्तुमान मोजत नाही, पृथ्वी त्या वस्तूला किती ओढते ते मोजतो, आणि ही ओढ सगळीकडे सारखी नाही. दिल्लीत जुळवलेला काटा नागपुरात १०० ग्रॅमला साधारण ५० मिलिग्रॅम कमी दाखवेल, कारण आपण विषुववृत्ताच्या जवळ आहोत आणि थोडे उंचावरही. सराफाला हे चालणार नाही, म्हणून काटा जिथे वापरायचा तिथेच जुळवतात. अर्ध्या ग्रॅमच्या पेलेटला हा फरक पाव मिलिग्रॅमच्या आसपास येतो आणि तोही सगळ्यांना सारखा. तुम्ही विसरून जा.

दोन पारड्यांच्या तराजूला मात्र ओढीचा फरक पडत नाही, कारण दोन्ही पारड्यांना सारखीच ओढ असते. आणि इथे मी माझ्या आवडीची गोष्ट सांगतो, हट्ट नाही. काचेच्या पेटीतला जुना सराफी तराजू कोणाकडे पडून असेल, त्याच्या दांडीखालची धार शाबूत असेल, तर पेलेट निवडायला त्याच्याइतकं सुंदर हत्यार नाही. डाव्या पारड्यात ठेवणीतला पेलेट टाका आणि उजव्यात एकेक पेलेट ठेवत जा. उजवं पारडं वर गेलं तर हलका, खाली गेलं तर भारी, काटा मधे राहिला तर सारखा. वजनं नकोत, सेल नकोत, अर्धा तास तापवणं नको. तुम्हाला फरकच पाहिजे होता ना, हा तराजू फरकाशिवाय दुसरं काही दाखवतच नाही. फक्त हळू काम होतं, वारा त्यालाही चालत नाही, आणि धार बोथट झाली असेल तर तो कुठेही थांबतो. घेण्याआधी पारडी रिकामी ठेवून काटा चार-पाच वेळा झुलवून बघा, दर वेळी त्याच जागी थांबला पाहिजे.

आता जे विचारलं नाही, पण विचारायला पाहिजे होतं ते. पेलेट तोलून गुण किती वाढतील? हे कागदावर मांडून बघता येतं. एअर रायफलचा पेलेट नळीतून साधारण १७५ मीटर प्रतिसेकंद वेगाने निघतो, दहा मीटर जायला त्याला सेकंदाचा सतरावा-अठरावा भाग लागतो. तेवढ्यात तो साडेसोळा मिलिमीटरच्या आसपास खाली येतो. रायफलची दुर्बीण नसली तरी नेम धरायची साईट त्या हिशेबाने लावलेलीच असते. आता एखादा पेलेट एक टक्का भारी असला, म्हणजे पाच मिलिग्रॅमने, तर तो तेवढ्याच जोराने ढकलला जाऊन जरा सावकाश जाईल आणि साधारण ०.१६ ते ०.१७ मिलिमीटर जास्त खाली लागेल. लक्ष्यावर एका रिंगपासून पुढची रिंग अडीच मिलिमीटरवर असते, म्हणजे दशांश गुणातला ०.१ हा पाव मिलिमीटरचा. पाच मिलिग्रॅमचा फरक त्या एका दशांशाच्याही आत बसतो. आणि चांगल्या डब्यात पाच मिलिग्रॅमचे अपवाद मोजकेच असतात.

म्हणून माझं मत असं की वजनाने पेलेटचे पाच-सहा गट पाडत बसू नका. मुलगी अजून शिकतेय, तिच्या हाताच्या, श्वासाच्या आणि ट्रिगरच्या चुका यापेक्षा कितीतरी मोठ्या असतील, आणि ते तिच्या वयाला बरोबरच आहे. काट्याचा उपयोग एकाच गोष्टीसाठी करा: फार वेगळे पेलेट बाहेर काढायला. बहुतेकांच्या वजनापासून चार-पाच मिलिग्रॅम लांब असलेला पेलेट सरावाच्या डब्यात टाका, बाकीचे सगळे एक. त्याआधी डोळ्याने बघा. पेलेटच्या मागच्या बाजूची पातळ कड दबलेली असली तर वजन अगदी बरोबर असूनही तो भलतीकडे जातो, आणि काट्याला ते कधीच कळणार नाही. उजेडात पांढऱ्या कागदावर ओतून बघितलं की अशी कड लगेच दिसते. ५०० पेलेटचा डबा डोळ्याने बघायला चहा संपेस्तोवर वेळ लागतो, तोलायला अख्खी सकाळ जाते.

गुणांमध्ये खरा फरक पाडणारी गोष्ट वजन नसून पेलेटच्या डोक्याचा व्यास आणि त्याची बॅच, म्हणजे एकाच वेळी बनलेला माल, ही आहे. स्पर्धेचे पेलेट ४.४९, ४.५० अशा मापांत मिळतात आणि प्रत्येक नळीला त्यातलं एखादं माप जास्त पटतं. रेंजवर रायफल घट्ट बसवायची सोय असेल तर वेगवेगळ्या मापांचे आणि बॅचचे दहा-दहा पेलेट एकाच कागदावर मारून बघा, कोणत्या डब्याची भोकं सगळ्यात जवळ पडतात. जो डबा जिंकेल त्याच बॅचचे पाच-सहा डबे एकदम घेऊन ठेवा. काट्याला ठेवलेल्या पैशातून हे आधी करा, असं मी तुम्हाला समोर बसून सांगितलं असतं. आणि तरीही काटा घ्यायचा असेल तर घ्या. मुलांना आपल्या वस्तूंची निगा ठेवायची, आकडे लिहायची सवय लागते. फक्त तिला असं वाटू देऊ नका की आजचे गुण पेलेटमुळे गेले.

शेवटी बहिणीचं साबण. तो काटा तिला चालणार नाही, दोन कारणांनी. कॉस्टिक सोडा, तेल, पाणी हे शेकडो ग्रॅममध्ये तोलायचं असतं. २० ग्रॅमच्या काट्यावर तेलाचं पातेलं ठेवलं की लोडसेलची पट्टी कायमची वाकते, आणि असे काटे माझ्याकडे दुरुस्तीला येतात तेव्हा मी हात वर करतो, कारण नवी पट्टी बसवण्यापेक्षा नवा काटा स्वस्त पडतो. दुसरं म्हणजे ज्या वाटीत शिसं ठेवलं ती अंगाला लावायच्या वस्तूच्या जवळ नकोच. तिला पाच किलोपर्यंतचा, एक ग्रॅमची पायरी असलेला काटा घ्या आणि सुगंध, रंग यांच्यासाठी ०.०१ ग्रॅमवाला पॉकेट काटा. तोच, जो तुमच्या पेलेटला बाद ठरवला. सोडा तोलताना भांडं प्लास्टिकचं किंवा स्टीलचं घ्यायचं, ॲल्युमिनियमचं कधीच नाही, ओला सोडा ॲल्युमिनियम खातो.

ती साबण घरच्यांसाठी करत असेल तर एवढं पुरे. विकायला लागली असेल तर गोष्ट वेगळी. वजनावर व्यवहार सुरू झाला की वैधमापन कायदा, २००९ लागू होतो. मग काट्याची पडताळणी होऊन त्यावर शिक्का लागतो, आणि वेष्टनावर निव्वळ वजन छापावं लागतं. पॉकेट काट्याला तो शिक्का बहुधा नसतो. तेव्हा विक्रीच्या वड्या तोलायला तिने पडताळणी झालेलाच काटा घ्यावा, आणि घेताना दुकानदाराकडून पडताळणीचं प्रमाणपत्र मागून घ्यावं. पुढच्या वेळी पडताळणी कधी करायची, ती तारीख त्यावर असते.